लाल दिव्यानंतरचे तीन किलोमीटर

४ फेब्रुवारी

सगळं बदललं ते दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नक्की सांगता येते, कारण त्या क्षणी मी मुद्दाम मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. गाडीच्या मीटरकडे पाहायचं नव्हतं म्हणून.

दोन गोष्टी एकदम झाल्या. तेलाचा लाल दिवा लागला, आणि मागे बसलेल्या माझ्या मैत्रिणीने इतका वेळ कॅरियरला धरलेला हात सोडून माझ्या खांद्यावर ठेवला.

दिवा लागला की इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, हे बाबांनी मला लहानपणी टाकीवर बसवून शिकवलंय. तेलाचा दाब गेला याचा अर्थ आतलं लोखंड लोखंडावर घासायला लागलं. मला सगळं माहीत होतं. पण थांबलो असतो तर हात निघाला असता.

तिने विचारलंसुद्धा, "ए, हा लाल दिवा कसला?"

"असाच लागतो तो. जुनी गाडी आहे."

तीन किलोमीटर. आयुष्यातले सगळ्यात चांगले तीन किलोमीटर, खोटं कशाला लिहू. मग डब्यात खिळे खडखडावेत तसा आवाज आला, मागचं चाक आवळलं गेलं आणि गाडी सापासारखी वळवळत रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पडलो नाही एवढंच नशीब. तिच्या चपलेचा अंगठा तुटला. ती चप्पल हातात घेऊन बसथांब्यापर्यंत चालली, मी शेजारून गाडी ढकलत. बस आल्यावर फक्त म्हणाली, "तुला माहीत होतं ना?" आणि चढली.

कालच मी कॉलेज सोडलं. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. हे पान ज्या वहीत लिहितोय ते माझं पदार्थविज्ञानाचं प्रॅक्टिकलचं जर्नल. अर्धं कोरं आहे. काल सरांनी सगळ्या वर्गासमोर ते टेबलावर आपटलं, म्हणाले, ही प्रयोगाची वाचनं खोटी आहेत, कुणाची तरी उतरवलीस. वाचनं माझी होती. तीन तास बसून घेतलेली. मी जर्नल उचललं, स्टूल लाथाडलं आणि प्रयोगशाळेचं दार असं आपटलं की काच खळकन खाली आली. संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा बाबांशी कडाक्याचं भांडण. घरचंही दार आपटलं. वरचा कडीकोयंडा तेव्हापासून लोंबतोय.

आणि आज सकाळी खिळ्यावरची चावी कुणाला न विचारता काढली.

५ फेब्रुवारी

गाडी बाबांची. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. लग्नानंतर आई याच गाडीवरून या घरात आली.

सकाळी ते अंगणात आले. तेलाची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. कोरडी. कितीतरी वेळ पट्टी हातात धरून तसेच उकिडवे बसून राहिले. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार.

"दिवा लागला होता?"

"नाही. बल्ब गेला असेल."

बाबांनी चावी फिरवली. दिवा लखलखीत लागला. मेला कधी नव्हे तो इतका लाल.

"कधी लागतो, कधी नाही लागत," मी म्हटलं. "वायर ढिली असेल."

"असेल," बाबा म्हणाले. गाडीवर ताडपत्री ओढली आणि आत गेले.

पटलं त्यांना. पण त्यानंतर दिवसभर चकार शब्द नाही. रागावलेत, दुसरं काय.

११ फेब्रुवारी

गाडी गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रींकडे ढकलत नेली. मिस्त्री म्हणजे ऐंशी किलोचं अंग, सोंडेसारखे हात आणि जगात कुणाविषयी चांगलं बोलायचं नाही असा नेम. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात, डॉक्टरसारखे. आज ऐकायला काहीच नव्हतं. किक खाली जाईना.

खालचा बोल्ट काढला. वाटीभर काळं पाणी आलं, त्यात चांदीची पूड चमकत होती.

"ही बेअरिंगं," मिस्त्री वाटी माझ्या नाकाखाली धरत म्हणाले. "पिस्टनही चिकटलाय. दिवा लागला नाही म्हणतोस?"

"बल्ब—"

"गप. बल्ब मी मघाशीच पाहिला." हात पुसले. "कॉलेज सोडलंस असं ऐकलं. मग उद्यापासून इथे ये, प्रोफेसर. मी शेजारी बसून शिव्या देईन, खोलायचं तू आणि जोडायचंही तू. ज्यानं बिघडवलं त्यानंच."

प्रोफेसर! डोक्यात अशी तिडीक गेली. पण गाडी त्यांच्या ताब्यात होती.

२ मार्च

तिचा मेसेज आला. सत्तावीस दिवसांनी. (मोजले नाहीत, जर्नलमध्ये तारखा आहेत.) घाटावरच्या गावात, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिला प्रशिक्षणासाठी घेतलंय. ती गेलीसुद्धा. रविवारी सुट्टी असते.

मी लिहिलं, गाडी झाली की घाट चढून येतो.

उत्तर आलं : "बाबांना खरं सांगितलंस?"

मी लिहिलं, त्याचा इथे काय संबंध.

उत्तर : "मग येऊ नकोस. तुझ्या मागे मी बसणार नाही."

हातातला पाना फेकला. तो तेलाच्या ट्रेमध्ये पडला आणि मिस्त्री नखशिखांत काळे झाले. मग त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या जर्नलमध्ये मावणार नाहीत.

मुलींना कळत नाही. आता इतक्या दिवसांनी सांगून काय होणार? बाबांना पटलंय, प्रकरण मिटलंय.

२० मार्च

चालू झाली! पहिल्या किकला नाही, एकोणिसाव्या. पण झाली.

लाल दिव्याच्या जागी आता तेलाच्या दाबाचा काटा बसवलाय, आणि तेलाच्या झाकणात तापमापक. दिवा फार उशिरा सांगतो, काटा आधीपासून सांगत राहतो, असं मिस्त्री म्हणतात. त्यांनी मला दहा वेळा पाठ करून घेतलं ते इथे लिहितो :

थंड इंजिनात तेल घट्ट, दाब साठ पौंड. ते पाहून खूश होऊन अ‍ॅक्सिलरेटर पिळायचा नाही, घट्ट तेल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. दोन मिनिटं नुसती चालू ठेवायची. तेल ऐंशी अंशांवर आलं की पळवा. चालताना दाब चाळीस हवा. चढावर तेल तापतं, पातळ होतं, दाब उतरतो. एकशेवीस अंश किंवा वीस पौंड, दोन्हींतलं जे आधी होईल तिथे थांबायचं. चढावर गाडी दमली तर गिअर उतरवायचा, वरच्या गिअरमध्ये रेटायची नाही.

"आणि थांबल्यावर?" मिस्त्रींनी विचारलं.

"तोंड वाऱ्याकडे करून उभी करायची. निवेपर्यंत वाट पाहायची."

"कोणी?"

"गाडीने."

"तूपण," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही दोघं सारखेच. चढ लागला की तापता."

घरी आई इस्त्री करत होती. बोट ओलं करून इस्त्रीला लावलं, चुर्र झालं. "तापली," म्हणाली. मी म्हटलं, आई, हाच माझा तापमापक. ती हसली. मग बाबांच्या शर्टाची बाही उलटून पाहत म्हणाली, "हे जुने काळे डाग काही निघत नाहीत. कुठून आणले होते कोण जाणे. कारकुनी करतात की कोळसा फोडतात?"

२९ मार्च

निरीक्षण : आठ दिवसांत तीनशेदहा किलोमीटर. रोज सकाळी निघण्यापूर्वी पट्टी पाहतो. तेल बरोबर वरच्या खुणेवर. एक थेंब कमी नाही.

निष्कर्ष : इंजिन मी उत्तम जोडलं आहे.

मिस्त्रींना छाती फुगवून सांगितलं. ते विडी तोंडात तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. "एक थेंब नाही?"

"एक थेंब नाही."

"तीनशे किलोमीटरला?"

"जळताय का?" मी म्हटलं.

ते इतके हसले की खोकला लागला. हेवा वाटला असणार. स्वतः जोडलेलं इंजिन तरी इतकं बसलं नसेल कधी.

१ एप्रिल

आज किरकोळ गोष्ट. अंगणातलं नरसाळं मी मागच्या आठवड्यात धुऊन खिळ्याला टांगलं होतं. आज हात लावला तर तेलकट. मांजर तर काही नरसाळं वापरत नाही. असो.

बाबांशी अजून अबोला. म्हणजे "मीठ दे" वगैरे चालतं, तेही आईमार्फत. "त्याला म्हणावं मीठ दे." मी समोरच बसलेला असतो.

६ एप्रिल

पाण्याच्या टाकीकडची टेकडी चढून पाहिली. पाच किलोमीटरचा चढ. दुपारचं ऊन मुद्दाम निवडलं.

पायथ्याशी ८८ अंश, ४० पौंड. दुसऱ्या वळणाला १०२, ३३. चौथ्याला ११५, २४. त्यापुढचं वळण दिसत होतं, वर टाकी दिसत होती, अगदी हाताच्या अंतरावर. काटा बावीसवर थरथरत होता. मनातून म्हटलं, आता काय राहिलंय, मार गचका.

आणि काटा वीसवर आला. थांबलो.

तोंड वाऱ्याकडे केलं. इंजिन टक्-टक् करत निवत होतं. स्कूटरवरून एक नवराबायको मागून आले. नवरा ओरडला, "काय दादा, म्हातारी दमली का?" बायको फिदीफिदी हसली. एरवी मी दगड उचलला असता. आज नुसता हात हलवला. वीस मिनिटांनी तापमान पंच्याऐंशीवर आलं, मग सावकाश टाकीपर्यंत गेलो.

तिथे बसून विचार केला. त्या दिवशी थांबलो असतो तर काय झालं असतं? वीस मिनिटं रस्त्याच्या कडेला तिच्याशी बोलत बसलो असतो. एवढंच. आणि मी त्या वीस मिनिटांना घाबरलो!

तिला मेसेज केला : "आज थांबलो." उत्तरात एक हसरा चेहरा आला. आणि खाली : "बाबांना?"

हट्टी आहे.

९ एप्रिल

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "वरती फार थंडी असते म्हणे. तिला स्वेटर पुरतो की नाही कोण जाणे. आणि चपला तरी नीट घेतल्या का, की अजून त्याच शिवून वापरते."

मी गारच पडलो. चपलेचं मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. आयांना सगळं आपोआप कळतं, हे खरं असावं.

१४ एप्रिल

बाबा आत्याकडे गेलेत, चार दिवसांसाठी. आत्याच्या घराचं छत गळतंय, ते पाहायला. जाताना दारात घुटमळले. माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार असं वाटलं. मग आईला म्हणाले, "त्याला म्हणावं, गाडी जास्त फिरवू नको."

बघा! जातानासुद्धा. खोलीत गेलो आणि दार आपटलं.

१७ एप्रिल

घात झाला. सकाळी पट्टी काढली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली! तीन दिवसांत दीडशे किलोमीटर. नव्वद अंशांवरच दाब अठ्ठावीस. पट्टी मी परवा आणि काल पाहिली नव्हती. कशाला पाहायची, कमीच होत नव्हती ना.

रविवारी घाट चढायचा म्हणतोय आणि आजच गळती. सगळे सील तपासले. कुठेही ओल नाही. खाली पुठ्ठा पसरून तासभर पालथा पडून पाहिलं, एक डाग नाही. मग तेल जातंय कुठे?

धावत मिस्त्रींकडे गेलो.

"गळत नाही. पितंय," मिस्त्री म्हणाले. "पितच होतं. या मॉडेलचे व्हॉल्व्हचे गाईड आता मिळत नाहीत, झिजलेले जुनेच ठेवलेत आपण, त्यांच्या फटीतून तेल आत जाऊन जळतं. मी तुझ्यासमोर बसवले, तुझं लक्ष फोनमध्ये. शंभर किलोमीटरला पाव लिटर तेल ही गाडी पंधरा वर्षं पितेय."

"मग आत्तापर्यंत कमी का नाही झालं?"

मिस्त्रींनी विडी विझवली. आज हसले नाहीत. "प्रोफेसर, तुझी वाचनं बरोबर होती. निष्कर्ष चुकला. तू पट्टी पाहायचास किती वाजता?"

"सातला."

"आणि तुझे बाबा उठतात किती वाजता?"

तेलकट नरसाळं आठवलं. शर्टाच्या बाहीवरचे डाग. दारातलं घुटमळणं. गाडी जास्त फिरवू नको.

तिथेच टायरच्या ढिगावर बसलो. घाटावरचं तिचं गाव एकशेदहा किलोमीटर. माझ्या निष्कर्षावर विसंबून वर निघालो असतो तर मधल्या वळणावर पुन्हा तेच. या वेळी खाली दरी.

१८ एप्रिल

बाबा संध्याकाळी आले. मी अंगणातच होतो. जर्नल बरोबर घेऊन बसलो होतो, का ते माहीत नाही. हातात काहीतरी हवं होतं.

"बाबा, रोज किती घालायचात?"

पिशवी खाली ठेवली त्यांनी. दोन महिने तेरा दिवसांनी मी त्यांच्याशी थेट बोललो होतो. पण ते पटकन म्हणाले, जणू रोजच बोलतो आम्ही, "जेवढे किलोमीटर झाले असतील त्याप्रमाणे. साधारण अर्धा पेला. तू नेहमीपेक्षा जास्त फिरलास तर पाऊण."

"मला सांगायचं ना."

"आपण बोलत कुठे होतो?"

मग मी सांगून टाकलं. ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने : दिवा, हात, घड्याळ, तीन किलोमीटर. बल्बचं खोटं. बोलताना जमिनीकडे बघत होतो. वर पाहिलं तर बाबांचा चेहरा विचित्र झालेला. हसू येतंय की रडू, कळेना.

"दिवा लागला होता हे मला माहीतच होतं रे," ते म्हणाले. "चावी फिरवली तेव्हाच." गाडीपाशी खाली बसले. "पण दिवा का लागला, ते तुला माहीत नाही."

"तेल संपलं होतं."

"पंधरा वर्षं एक दिवस संपू दिलं नाही मी. तू गाडी न्यायला लागलास तेव्हाही रोज सकाळी घालत होतो. तुला कशाला सांगायचं, पोरगं आहे, म्हटलं." पट्टी पुसायचं फडकं त्यांच्या हातात होतं, ते घड्या घालत राहिले. "त्या दिवशी नाही घातलं. आदल्या रात्री भांडण झालं ना. सकाळी पट्टी पाहिली, तेल खालच्या खुणेच्याही खाली. डबा हातात घेतला होता. म्हटलं, मरू दे, एवढा शहाणा झालाय तर बघेल त्याचं तो. डबा परत ठेवला. मग तू चावी घेऊन गेलास, मी खिडकीतून पाहत होतो, आणि हाक मारली नाही."

माझे कान तापले. हे खरंच लिहितो : एक क्षण एवढा संताप आला की उठून जावंसं वाटलं. आम्ही पडलो असतो तर? ती मागे होती! दोन महिने मी स्वतःला खात होतो, आणि हे— काटा वीसच्या खाली.

पण ते तिथेच बसले होते, पट्टी कोरडी निघाली त्या दिवशी बसले होते तस्सेच, उकिडवे. तेव्हा वाटलं होतं ते माझ्यावर रागावलेत.

वाऱ्याकडे तोंड केलं. वाट पाहिली. किती वेळ ते पाहिलं नाही.

मग म्हटलं, "तुम्ही डबा ठेवलात, मी दिवा पाहिला. आपण दोघांनी मिळून मारली गाडी."

"गाईडसुद्धा तिचे खराबच आहेत," बाबा म्हणाले. "सगळं आपल्यावर नको घ्यायला."

आणि आम्ही दोघं असे हसायला लागलो की आई इस्त्री तशीच ठेवून बाहेर आली. "काय झालं?" म्हणाली. मग नाक वर करून वास घेतला आणि किंचाळत आत पळाली. बाबांच्या शर्टाच्या पाठीवर आता इस्त्रीच्या आकाराचं भोक आहे.

१९ एप्रिल

तिला सगळं लिहून पाठवलं. लांबलचक. त्या दिवशी का थांबलो नाही तेही लिहिलं, हाताचं. पाठवल्यावर लाज वाटली, पण पाठवलेलं परत घेता येईना.

दिवसभर उत्तर नाही. मिस्त्रींकडे चार वेळा फोन काढून पाहिला. शेवटी ते म्हणाले, "दाब किती आहे तुझा?"

संध्याकाळी आलं :

"रविवारी ये. वाटेत दिवा लागला तर थांब. (काटा असला तर काटा, तुझं काय असेल ते.) थांबलास तरी हात काढणार नाही मी."

हे मी आत्तापर्यंत अकरा वेळा वाचलं.

२१ एप्रिल, रविवार, पहाट

साडेपाचला उठलो. माझ्याआधी कुणीतरी उठलं होतं. अंगणात पट्टी पाहिली : तेल बरोबर वरच्या खुणेवर. सीटवर फडकं. मागच्या पिशवीत तेलाच्या दोन बाटल्या, नरसाळं, आणि एका चिठ्ठीवर बाबांचं कारकुनी अक्षर : ५० कि.मी. ला थांबून पाहणे. नंतर प्रत्येक २५ ला.

आईने एक पुडकं दिलं. "तिला दे." उघडून पाहिलं तर नव्या चपला. नंबर कुठून कळला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अंदाजाने." आईचे अंदाज भलतेच अचूक असतात.

कॉलेजचं कुणी काही विचारलेलं नाही. या जर्नलची अकरा पानं अजून कोरी आहेत. परत आल्यावर बघू.

गाडी बाहेर चालू ठेवलीय. साठ पौंड, थंड. दोन मिनिटं द्यायची आहेत तिला, ती इथे लिहिण्यात देतोय. बाबा स्वयंपाकघरात वर्तमानपत्र धरून बसलेत, कालचं. पान मघापासून उलटलेलं नाही.

"येतो," म्हटलं.

"वीस पौंड," ते कागदाआडून म्हणाले.

"वीस पौंड. किंवा एकशेवीस अंश."

"आणि दार—"

"माहीत आहे."

कडीकोयंडा त्यांनी कधीतरी नीट बसवलाय. पाहिलंच नव्हतं मी. चार नवे स्क्रू.

जर्नल इथे फळीवर ठेवतो. निघालो. दार दोन्ही हातांनी ओढून घेतो, अगदी हळू, कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत.